सात माणसांचं माप

कुल्लू, १८ नोव्हेंबर १९८३

पोरी पल्झोम,

घरातल्या सगळ्यांना, गोठ्यातल्यांसकट, आशीर्वाद. पत्र तंडुप लिहितोय, पण बोलतेय मी. तेव्हा नवऱ्याचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस.

पंधरा दिवसांत परतते म्हणून निघाले आणि खिंडीनं दगा दिला. परवापासून रोहतांगवर बर्फ पडतंय. बस बंद, रस्त्याचे मजूरसुद्धा खाली उतरले. आता जूनपर्यंत मी आणि तंडुप इकडे, तुम्ही तिघं तिकडे. डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलंय. दुखणं किरकोळ आहे, त्याची काळजी नको. काळजी कोठीची कर. तू आमच्या घरात येऊन आठ महिने झाले, पण हिवाळा अजून काढलेला नाहीस. माहेरी कोठी तुझी आई बघायची, तू नुसती जेवायचीस. तेव्हा नीट ऐक.

सकाळी सत्तू आणि मीठ-लोण्याचा चहा. माणशी दोन मुठी सत्तू. तुझी मूठ नव्हे, माझी. तुझी मूठ मोठी आहे, मी लग्नातच पाहिलं. दुपारी कुट्टूची धिरडी, सोबत वाटाण्याचं कढण नाहीतर वाळवलेल्या सलगमची भाजी. संध्याकाळी थुक्पा. थुक्पा पातळच कर, पातळ थुक्प्यानं आजवर कोणी मेलेलं नाही. सुकं मटण आठवड्यातून एकदा आणि हालडाच्या सणाला. तुझे सासरे रोज विचारतील, ‘आज मटण का नाही?’ त्यांना सांग, आमाला विचारा. मी खिंडीपलीकडे आहे, म्हणजे एवढं उत्तर तुला जूनपर्यंत पुरेल.

बटाट्याची पेवं तीन. गोठ्याजवळचं आधी काढ, ते फेब्रुवारी संपेपर्यंत गेलं पाहिजे. मग वाळुंजाखालचं. मागच्या भिंतीचं पेव बियाण्याचं, त्याला हात नाही. घर बियाणं खाऊ लागलं की ते घर संपलं, असं माझी सासू म्हणायची आणि मीही म्हणते.

बर्फ पडलं की छपरावरून लगेच काढा. छिमेदला फावडं मारू दे, चौदा वर्षांची घोडी झालीय. आणि शेजारच्या डेचेनशी बोलायची गरज नाही. नऊ वर्षं मी बोललेले नाही, घर काही अडलं नाही. तिनं आमच्या पाळीचं पाणी फोडून स्वतःच्या शेतात घेतलं, ते गाव विसरलं असेल, मी नाही.

(हे आमा सांगत नाहीये. कोठीत जाताना माझा जुना लोकरी कोट घाल. तिथं फार गार असतं. आमा विचारतेय, एवढा वेळ काय लिहितोयस.)

तुझी आमा

*

लुमचे, ६ डिसेंबर १९८३

आमा,

पायांवर डोकं. डाकवाला म्हणतो, पायी खिंड ओलांडणारी ही शेवटची डाक, यापुढे हेलिकॉप्टर येईल तेव्हाच. म्हणून घाईनं लिहितेय.

तुमची मूठ आम्हाला सापडली. आवा म्हणाले, छिमेदची मूठ हुबेहूब आईची, तशीच आखडलेली. म्हणून रोज सकाळी तीच सत्तू काढते आणि दोन मुठींच्या मधे बोटं चाटते. मी काही बोलत नाही, चाटलेलं मोजायचं कसं?

पहिल्या दिवशी थुक्पा इतका पातळ झाला की आवांनी वाटीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, “सूनबाई, यात माझं तोंड दिसतंय, मटण दिसत नाही.”

मी म्हटलं, “आमांना विचारा.”

“ती जवळ असताना विचारायची हिंमत नव्हती, आता कुठून आणू?” असं म्हणून मुकाट्यानं प्यायले. दुसऱ्या वाटीला मात्र जवाची छंग मागितली. दिली, अर्धाच पेला.

पहिली धिरडी तव्याला चिकटली ती खरवडून कोंबड्यांना घातली. हे लिहिणार नव्हते, पण छिमेद म्हणाली, मी लिहीन. आता जमतात. गाईंचं ठीक आहे. तांबडी अजून शेरभर दूध देते.

तुमच्या पोटाचं मात्र नीट लिहा. किरकोळ म्हणजे काय? किरकोळ दुखण्याला कोणी पंधरा दिवस सांगतं का? काय खाता तेही लिहा.

वाचणाऱ्यानं पुढचं मनात वाचावं. कोट घातला. खिशात अजून जर्दाळूच्या बिया आहेत. काढल्या नाहीत.

पल्झोम

*

कुल्लू, २ जानेवारी १९८४

पल्झोम,

‘मनात वाचावं’ म्हटलं की माणूस हसतो आणि आईला कळतं. तेव्हा असली सोंगं करू नकोस.

मी बरी आहे. सफरचंदाच्या बागेत खोली मिळालीय, ऊन येतं. शेजारीण वाफवलेले सिड्डू करून देते, तूप घालून. भरपूर खाते. आता तू सांग. नुसतं ‘धिरडी जमतात’ लिहिलंस, एवढ्यानं काय कळणार? रोज काय शिजवलंस ते रोजचं रोज लिही. कढणात लसूण घातलास का, वाटाणा किती वेळ भिजवलास, सलगम तुपात परतलंस की नुसतंच उकडलंस. हालडाला मटणाचा कोणता तुकडा काढलास, हाडाचा की मांडीचा. कोण पहिलं जेवलं, कोणी काय म्हटलं. सगळं लिही. इथं मला दुसरा उद्योग नाही.

(आमानं हे सांगितलं नाही. तिचं

आमा म्हणतेय, आत्ता लिहिलेलं वाक्य खोड. खोडलं.)

आवांना सांग, छपरावर चढू नका. गुडघा विसरू नका.

आमा

*

लुमचे, २४ जानेवारी १९८४

आमा,

खोडलेली ओळ उन्हात धरून वाचायचा प्रयत्न केला. शाई दाट होती. काय खोडलंत?

बारा दिवस सतत बर्फ पडलं. आज जरा आभाळ मोकळं झालंय आणि रेडिओवर सांगितलं की हेलिकॉप्टर येणार. वरच्या उतारावरून बर्फाचा लोंढा सुटला होता. आपल्या घराला काही झालेलं नाही. गावातल्या एका घराची मागची बाजू आणि गोठा गेला, पण माणसं वाचली.

तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिते. सोमवारी वाटाण्याचं कढण. वाटाणा आदल्या सकाळी भिजवला होता, लसूण घातला, शेवटी चमचाभर तूप. मंगळवारी सलगम, तुपात न परतता, तूप जपायचं म्हणून. बुधवारी बटाटे राखेत भाजून, मीठ आणि वाळवलेली कोथिंबीर. हालडाला मांडीचा तुकडा काढला. कणीक लाटून त्याच्या पट्ट्या थुक्प्यात टाकल्या. वास घरभर फिरला तेव्हा आवा म्हणाले, “आता मी मेलो तरी चालेल.” छिमेद म्हणाली, “मग तुमची वाटी मला.” मशाली घेऊन सगळे बाहेर गेले तेव्हा मी चुलीपाशी राहिले आणि तुमच्या नावानं एक वाटी भरून कोनाड्यात ठेवली.

गोठ्याजवळचं पेव थोडं लवकर संपत आलंय. उंदीर झालेत. आणि थंडीनं आवांची भूकही वाढलीय. ते दिवसभर सोंगट्या खेळतात आणि हरले की जास्त जेवतात. तुम्ही काळजी करू नका, मी बघते.

पल्झोम

*

कुल्लू, ९ फेब्रुवारी १९८४

पल्झोम,

तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. आता माझी गणितं ऐक.

गोठ्याजवळच्या पेवात मी स्वतः बटाटे भरले. तीन माणसांना ते फेब्रुवारीअखेर पुरून उरतात. जानेवारीत संपत आले म्हणतेस. उंदीर? त्या पेवाला मी खाली दगड लावलाय, उंदराचा बाप शिरणार नाही. आणि तुझे सासरे कोणाशी सोंगट्या खेळतात? तुला येत नाहीत, छिमेदला बसवत नाही. भिंतीशी खेळतात का?

मी म्हातारी असेन, मूर्ख नाही. नदीपलीकडे तुझं माहेर दिसतं. नदी गोठली की तिच्यावरून चालत जाता येतं. तुझ्या भावाला चार पोरं आहेत हेही मला माहीत आहे. सासूची पाठ वळली की सुनेचा हात सैल सुटतो, हे ऐकून होते. माझ्या घरात होईल असं वाटलं नव्हतं.

खरं काय ते लिही. आणि लवकर लिही.

(मी हे लिहायला नाही म्हणत होतो. आमा म्हणाली, मग मी शेजारणीकडून लिहवून घेते. पल्झोम, तिची तब्येत बघून राग धरू नकोस.)

आमा

*

लुमचे, २२ फेब्रुवारी १९८४

आमा,

तुमचं पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन बसले. तांबडीच्या पाठीवर डोकं ठेवून रडून घेतलं, मग आले. आता खरं लिहिते. आधीच लिहायला हवं होतं.

ज्या घराची मागची बाजू गेली ते डेचेनमावशीचं.

चौदा जानेवारीला दुपारी आम्ही धिरडी खायला बसलो होतो. आधी आवाज आला, जसं कोणी आभाळ ओढत नेतंय. मग खिडकीत अंधार. आवा तव्यावरचं धिरडं तसंच टाकून उठले, फावडं घेतलं आणि छातीएवढ्या बर्फातून निघाले. दुखऱ्या गुडघ्याचे. गावातले सगळे यायच्या आधी ते तिथं होते. मावशी आणि तिच्या दोन्ही पोरी पुढच्या खोलीत होत्या म्हणून वाचल्या. तिच्या सासऱ्याला, मेमेंना, दारातून ओढून काढलं. गोठ्यातली दोन्ही गुरं गेली. कोठी तर दिसतच नव्हती, वर तीन पुरुष उंचीचं बर्फ.

गावानं ठरवायचं होतं, कोणी कोणाला घ्यायचं. प्रत्येकाच्या कोठीत मोजकंच. सगळे पायांकडे बघत उभे. पोरी थरथरत होत्या. मी म्हटलं, चला.

मावशी आपल्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. म्हणाली, “यांगझिननं सांगितल्याशिवाय मी या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.”

मी म्हटलं, “आमा खिंडीपलीकडे आहेत. विचारून उत्तर यायला जून लागेल. तोवर इथं उभ्या राहाल?”

तिनं धाकटीकडे बघितलं. तिच्या पायात एकच मोजा होता. मग आत आली.

तेव्हापासून आम्ही सात आहोत. सोंगट्या आवा मेमेंशी खेळतात. दोघंही लबाडी करतात आणि दोघांनाही ते माहीत आहे. तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्ही आजारी, आणि मला भीती वाटली की तुम्ही ‘बाहेर काढ’ लिहाल. तसं लिहिलं असतंत तर मी काढलं नसतं. मग तुमचा शब्द मोडल्यासारखं झालं असतं. न विचारलेलं बरं, असं वाटलं. ते चुकलं असेल.

माहेरचं मी काही लिहीत नाही. डेचेनमावशी म्हणते, मला लिहायचंय. ती सांगते तसं लिहिते.

“यांगझिन, मी डेचेन. तुझं सत्तू खाते, माझ्या पोरी खातात, सासरा सगळ्यात जास्त खातो. तुझी सून माहेरी काही पाठवत नाही. उलट तिचा भाऊ गोठलेल्या नदीवरून अर्धं पोतं जव पाठीवर घेऊन आला आणि चहा न पिता गेला. शिव्या द्यायच्या तर मला दे. तुला लांबून ऐकू येत नसेल, पण ही पोर आपल्या वाटीतलं माझ्या धाकटीच्या वाटीत ओतते आणि म्हणते, मला भूक नाही. पाण्याचं म्हणशील तर पाणी मीच फोडलं होतं. त्या वर्षी नवरा अंथरुणावर होता आणि शेत जळत होतं. तुला विचारलं असतं तर तू दिलं असतंस की नसतंस, ते मला कधी कळलं नाही. कारण मी विचारलंच नाही.”

एवढंच सांगून ती उठली आणि भांडी घासायला गेली.

पल्झोम

*

लुमचे, २८ मार्च १९८४

आमा,

पाच आठवडे झाले. दोनदा हेलिकॉप्टर आलं, डाकवाला दोनदा आमच्या दारावरून मान हलवत गेला. दुसऱ्या वेळी मी त्याची थैली स्वतः उपसून बघितली. तो म्हणाला, “वहिनी, मी पत्रं खात नाही.”

तुम्ही रागावलात, हे कळलं. मला बोला, पण बोला. गप्प राहिलेल्या माणसाला उत्तर कसं द्यायचं ते मला येत नाही.

वाळुंजाखालचं पेव परवा संपलं. वाटाणा संपला. कुट्टू चार दिवसांचा. जव फार तर महिनाभर, तेही सकाळी एकच मूठ धरून. मटण हाडांपुरतं, तीच हाडं तिसऱ्यांदा उकळतेय. गावात सगळ्यांचंच असं आहे, कोणाकडे तोंड वेंगाडणार? मेमे बसल्या जागी झोपतात. थोरली मोजे विणते, सहा जोड झाले. धाकटी विचारते, बर्फ शिजवून खाता येतं का.

आज मी मागच्या भिंतीचं पेव उघडलं.

डेचेनमावशी आडवी आली. म्हणाली, “बियाण्याला हात लावू नकोस. मी पोरींना घेऊन दुसरीकडे जाते.” आवा आजवर कोठीच्या गोष्टीत बोलले नव्हते, ते म्हणाले, “कुठं जाशील? बस खाली.” आणि कुदळ माझ्या हातातून घेऊन गोठलेली माती स्वतः फोडली. बटाटे चांगले आहेत, डोळे फुटायला लागलेत. आज बारा उकडले. सालींचा थुक्पा केला. सगळे पोटभर जेवले.

पुढच्या वर्षी शेतात काय लावायचं, मला माहीत नाही. तुम्ही याल तेव्हा जो काही दोष असेल तो माझा.

वेगळ्या चिठ्ठीत वाचणाऱ्याला विचारते. आमा ठीक आहेत ना? मोठ्यानं वाचू नका. फक्त उत्तर लिहा.

पल्झोम

*

कुल्लू, ३१ मार्च १९८४

पल्झोम,

या वेळी आधी मी, तंडुप, लिहितो. आमा डोळे मिटून पडलीय, पण ऐकतेय.

सतरा फेब्रुवारीला तिचं पोट कापलं. आत मोठा व्रण होता, रक्त जात होतं. नोव्हेंबरपासूनच जात होतं. कापून पोटाचा तुकडा काढून टाकला. पुढचे अकरा दिवस डॉक्टर माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघायचे. घरी काही कळवायचं नाही, अशी तिनं आधीच शपथ घातली होती. मी खोडलेली ओळ हीच होती, ‘तिचं दुखणं किरकोळ नाही.’ तुझं २२ तारखेचं पत्र त्या अकरा दिवसांत आलं. मी फोडलं, वाचलं आणि उशाखाली ठेवलं. तिला ऐकवायची हिंमत नव्हती. तिला ताप, तुझं पत्र असं. महिना गेला. तू वाट बघत असशील हे माहीत होतं. मला माफ कर.

परवा ती उठून बसली आणि म्हणाली, “घरून पत्र नाही?” मग वाचलं. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, डेचेनचं पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, अजून एकदा.

आता ती सांगतेय.

पल्झोम, माहेराचं मी जे लिहिलं ते चुकलं. सासूनं सुनेची माफी मागायची आपल्यात पद्धत नाही. पण सांगणारी मी आहे आणि लिहिणारा दुसराच आहे, तेव्हा लिहिलं गेलं तर मी काय करू. तुझ्या भावाला पुढच्या वेळी चहा पाजल्याशिवाय सोडू नकोस. बर्फ असो की काही असो.

सिड्डू खाते लिहिलं होतं, तेही खोटं. दोन महिने मला तांदळाच्या पेजेशिवाय काही नाही, तीही चमच्यानं. आधीपासूनच घशाखाली काही उतरत नव्हतं. म्हणून तुला खोदून खोदून विचारत होते, लसूण घातला का, तूप घातलं का. तंडुप वाचायचा आणि मी जेवायचे. हालडाचं पत्र मी चार दिवस पुरवलं.

आता सात माणसांचं ऐक. डेचेनला कुट्टू चालत नाही, छातीत जळजळतं. लग्न होऊन आली त्या वर्षी महिनाभर आमच्याकडे जेवायला होती, तेव्हापासून माहीत आहे. ती सांगणार नाही, मुकाट खाईल. तिला जवाची भाकरी दे. मेमेंचे दात गेलेत, त्यांना सत्तू चहात कालवून ऊन ऊन दे, कोरडं नको, ठसका लागतो. वाढत्या पोरींना आधी वाढ. सगळ्यात शेवटी तू, पण शेवटी म्हणजे रिकाम्या पातेल्यातलं नव्हे. तुझी वाटी आधी भरून बाजूला ठेव आणि मग दुसऱ्यांना वाढ. वाटी ओतायची नाटकं बंद.

जव संपत आला असेल. बियाण्याचं पेव उघड. मागं मी काय लिहिलं होतं ते मी बघून घेईन. उपाशी पोरी समोर बसवून बियाणं राखणारं घर मला नको.

आणि डेचेनला उत्तर वाचून दाखव. डेचेन, तू विचारलं असतंस तर मी पाणी दिलं नसतं. खोटं कशाला बोलू? त्या वर्षी मी तशीच होते. तुझा नवरा आजारी आहे हे मला माहीत होतं आणि तरी दिलं नसतं. ते मला मनात कळत होतं, म्हणूनच नऊ वर्षं राग तुझ्यावर ठेवला. तिकडे ठेवणं सोपं होतं. आता घरात आली आहेस तर नीट राहा. चुलीच्या डाव्या बाजूला बस, उजवीकडून वारा येतो.

दमले. पुरे.

आमा

*

लुमचे, १४ मे १९८४

आमा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुमची परवानगी आली तेव्हा पेव अर्धं खाऊन झालं होतं. ‘बियाण्याचं पेव उघड’ हे मी मोठ्यानं वाचलं तेव्हा आवा एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

तुमचं पोट कापलं आणि मी इथं तुम्ही रागावलात म्हणून तुमच्यावर रुसून बसले होते. त्या दिवसांतलं काय काय आठवतं आणि माझं मलाच नकोसं होतं. आता काय खाता ते खरं लिहा, पेज तर पेज.

डेचेनमावशीला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. ‘दिलं नसतं’ ऐकून हात थांबले. मग म्हणाली, “खरं बोलली. नऊ वर्षांत तिच्याबद्दल ऐकलेली ही पहिली बरी गोष्ट.” कणीक मळायला लागली आणि जरा वेळानं नाक पुसलं. चुलीच्या डावीकडे बसते आता.

एक वाईट बातमी आहे. वीस एप्रिलला मेमे गेले. दुपारी, सोंगट्या मांडलेल्या असताना. आवांना वाटलं, विचार करताहेत. बराच वेळ वाट बघितली आणि मग म्हणाले, “अरे, टाक की.” दुसऱ्या दिवशी सकाळी छिमेदनं सवयीनं सात मुठी सत्तू काढलं. बघत राहिली, आणि एक मूठ परत टाकली. त्या दिवशी सगळ्यात जास्त तीच रडली. आवांनी अजून सोंगट्यांना हात लावलेला नाही. तुम्ही आल्यावर त्यांच्याशी बोला, माझ्याशी नुसतं हवापाण्याचं बोलतात.

एप्रिलअखेर मावशीच्या घरावरचं बर्फ खचायला लागलं. आम्ही पाचही बायका फावडी घेऊन गेलो. माझी आई आणि वहिनीही नदीपलीकडून आल्या, तुमची परवानगी न घेता. सहा दिवस खणलं. धान्य कुजून काळं पडलं होतं, गुरांचं काही सांगत नाही. पण बटाट्याचं पेव वरच्या दगडासकट तसंच होतं. बर्फानं दाबून ठेवलं, तरी बर्फानंच थंडीपासून राखलं. मावशीनं एक बटाटा उचलला, नखानं खरवडला, आत पांढरा. तिथंच चिखलात बसली. म्हणाली, “अर्धे तुझ्या शेतात, अर्धे माझ्या. नाही म्हणालीस तर इथून उठणार नाही.” मी नाही म्हटलं नाही.

परवा दोन्ही शेतं लावून झाली. दोन्हींना पाणी एकाच दिवशी दिलं, पाळी कोणाची ते कोणी विचारलं नाही. जव सहा मेला संपला. पण उतारावर रानभाजी वर आलीय आणि तांबडी व्यालीय, तेव्हा आता मरत नाही. मावशीच्या मागच्या खोलीच्या भिंती गावानं मिळून उभ्या केल्या. या महिन्यात ती आपल्या घरी जाईल. धाकटी म्हणते, मी जेवायला इकडेच येणार.

खिंड कधी उघडेल? तुम्ही याल त्या दिवशी काय शिजवू? तुम्हाला काय चालतं, काय नाही, सगळं सविस्तर कळवा, म्हणजे तसं आधीपासून राखून ठेवते.

वाचणाऱ्यानं मनात वाचावं. वाट बघतेय. आमांना ऐकू गेलं तर जाऊ दे.

पल्झोम

*

कुल्लू, ५ जून १९८४

पल्झोम,

ऐकू आलं.

खिंडीत अजून रस्ता साफ करताहेत. ठेकेदार म्हणतो, दहाबारा तारखेला पहिली जीप सुटेल. डॉक्टर नको म्हणत होता. मी म्हटलं, पोट तुम्ही कापलंत ना, आता उरलेलं मी बघते. तंडुप मला उशांत बांधून नेणार आहे म्हणतो. ने म्हणावं.

मेमेंचं ऐकलं. लग्नानंतर मला या गावात पहिल्यांदा हसवलं ते त्यांनीच. तुझ्या सासऱ्यांशी मी बोलेन. तू घाई करू नकोस, हवापाण्याचं बोलताहेत तर तेच बोल.

मला आता पेज चालते, मऊ भात चालतो. आठवड्यापूर्वी चतकोर भाकरी खाल्ली आणि ती राहिली पोटात. चिमणीसारखं थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं, असं सांगितलंय. जन्मभर दुसऱ्यांची वाटी मोजली, आता माझी कोणीतरी मोजणार.

काय शिजवू विचारलंस. मी दोन दिवस विचार केला. तंडुप कागद घेऊन बसला, म्हणाला, सांग, लिहितो. सहा महिने मी इथं बसून तुला सांगत राहिले, आणि कोठीत काय आहे ते तुला दिसत होतं, मला नाही. तेव्हा काय शिजवायचं ते तू ठरव. मी काही सांगणार नाही. समोर येईल ते खाईन. थोडंच खाईन, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आम्ही दोघं धरून माणसं मोज. डेचेनच्या घरची सोडू नकोस.

आमा